नदीचे मूळ आणि पवनीचे कूळ

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचा विषय निघाला की पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: आमचा स्तूप सांचीपेक्षा मोठा आहे. वाक्य खोटे नाही. सांचीच्या महास्तूपाचा व्यास ३६.६ मीटर आहे, आणि नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० साली मिळून पवनीत जे उत्खनन केले, त्यात उजेडात आलेला स्तूप चाळीस मीटरच्या आसपास भरतो. दुसरे वाक्य पाठ्यपुस्तकी वळणाचे असते: मौर्यांच्या काळात मगधातून धर्म आला, लिपी आली, नाणी आली आणि वैनगंगेच्या काठी नगर उभे राहिले. पहिल्या वाक्यात अभिमान आहे, दुसऱ्यात ओशाळा कृतज्ञभाव आहे. पण दोन्हींत पवनीला मोजायची काठी पवनीबाहेरून आणलेली आहे. एकदा सांचीहून, एकदा पाटलिपुत्राहून. 'हे कुठून आले' हा प्रश्न पवनीला नेहमी आधी विचारला गेला आणि 'हे कोणी पोसले' हा मागे राहिला. जमिनीतला पुरावा मात्र दुसऱ्या प्रश्नाबद्दल कितीतरी स्पष्ट बोलतो, आणि त्याचे उत्तर नीट ऐकले तर पहिल्या प्रश्नाचा जोर आपोआप ओसरतो, असे मला वाटते.

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पुरातत्त्वाचा निम्मा संसार मात्र याच शोधावर चालतो. त्यातून केवढा गुंता होतो ते पाहायचे तर मेक्सिकोच्या आखाताकाठी जावे लागेल. तिथल्या दलदलीच्या, रबराच्या झाडांच्या प्रदेशात इ.स.पू. १२०० च्या सुमारास सान लोरेन्सो आणि त्याच्या उतरत्या काळात ला व्हेंता अशी मोठी केंद्रे उभी राहिली. त्या लोकांना आज आपण ओल्मेक म्हणतो. हे नावही त्यांचे नव्हे. 'रबराच्या मुलखातले' या अर्थाचा हा शब्द अॅझ्टेकांच्या भाषेतला, म्हणजे कितीतरी शतकांनंतरचा. ओल्मेक म्हटले की डोळ्यांपुढे येतात ती बेसाल्टची प्रचंड मस्तके. अशी सतरा मस्तके आजवर सापडली आहेत, त्यांतली काही माणसाहून कितीतरी उंच, आणि त्यांचा दगड तुश्तला डोंगरांतून कित्येक कोस लांब वाहून आणलेला. त्यातले पहिले मस्तक होसे मेलगार या गृहस्थांनी १८६२ साली पाहिले आणि १८६९ मध्ये त्यावर लिहिले. जाड ओठ आणि रुंद नाक पाहून त्यांनी निकाल देऊन टाकला की हा चेहरा आफ्रिकी आहे, म्हणजे आफ्रिकेतून कोणीतरी इथे आले असले पाहिजे. पुढे शंभर वर्षांनीही या तर्कावर जाडजूड पुस्तके निघाली. कोणी चीनमधून माणसे आणली, कोणी आणखी कुठून. आफ्रिकी किंवा चिनी बनावटीची एकही वस्तू ओल्मेक थरांत मिळाली नाही, आणि तसे ओठ व तशी नाके त्या भागातल्या मूळ रहिवाशांत आजही दिसतात, या दोन साध्या गोष्टींकडे मात्र त्या पुस्तकांचे लक्ष गेले नाही.

शहाण्या अभ्यासकांचा वादही काही कमी चिवट नव्हता. मॅथ्यू स्टर्लिंग यांनी १९३८ पासून तिथे खोदकाम सुरू केले. त्रेस सापोतेस येथे एका तुटक्या शिळेवर कालगणनेचे आकडे मिळाले. वरचा तुकडा गहाळ होता, पण स्टर्लिंग यांच्या पत्नी मॅरियन यांनी हरवलेला आकडा सात असणार असे धरून इ.स.पू. ३२ ही तारीख काढली. माया संस्कृतीचे मोठे पंडित एरिक थॉम्प्सन यांना ती मान्य नव्हती; मायांच्या आधी कोणी इतके पुढारलेले असू शकते हेच त्यांना पटत नव्हते. सुमारे तीस वर्षांनी वरचा तुकडा सापडला आणि त्यावर सातच होता. त्याआधीच, १९४२ साली, आल्फोन्सो कासो यांनी ओल्मेकांना 'मातृसंस्कृती' ठरवले होते: साऱ्या मध्य अमेरिकेची आई. झाले, आता भांडण आईवरून. २००५ मध्ये एका गटाने मडक्यांच्या मातीचे रासायनिक विश्लेषण करून दाखवले की सान लोरेन्सोची भांडी दूरदूर जात होती, पण तिकडची इकडे येत नव्हती, म्हणजे आईच. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने खापरांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दाखवले की देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती. म्हणजे आई नव्हे, बहिणी. वाद आजही मिटलेला नाही. मधल्या काळात झालेले खरे काम मात्र 'आई कोण' याचे उत्तर न शोधणाऱ्यांनी केले. सान लोरेन्सोच्या परिसरात वर्षानुवर्षे राबून वस्त्या, घरे आणि दगडकामाच्या जागा शोधणाऱ्या अॅन सायफर्स यांच्यासारख्यांनी विचारले ते हे, की ते दगड ओढणाऱ्यांना जेवण कुठून मिळत होते.

पवनीकडे याच नजरेने पाहू. मेलगार यांच्याच शतकात नागपूरजवळच्या जुनापाणी येथे रिव्हेट-कार्नाक नावाचे इंग्रज अधिकारी शिळावर्तुळे खणत होते. मोठमोठे धोंडे गोल मांडून आत मुरूम-गोट्यांचा ढीग आणि त्याखाली पुरलेले अवशेष, अशी ही थडगी. काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. तसेच खळगे युरोपातल्या प्राचीन दगडांवरही असल्यामुळे दोन्हींमागे काही नाते असावे, याकडे कार्नाकसाहेबांचा कल झुकला. मेलगार आणि कार्नाक यांची एकमेकांना ओळख असण्याचे कारण नाही, पण चूक जुळ्या भावंडांची आहे. समोरची वस्तू इथल्या माणसांनी केली असेल ही शक्यता दोघांनीही सर्वांत शेवटी ठेवली.

या शिळावर्तुळांच्या माणसांबद्दल आज आपल्याला बरेच कळते, आणि त्याचे मोठे श्रेय डॉ. शां. भा. देव यांना आणि त्यांच्याबरोबरच्या मंडळींना जाते. टाकळघाट-खापा, माहूरझरी, नायकुंड अशी एकामागून एक स्थळे १९६० आणि ७० च्या दशकांत खणली गेली. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. माहूरझरीच्या थडग्यांत घोड्यांचे सांगाडे निघाले, त्यांच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे दागिने निघाले, लोखंडी लगाम निघाले आणि कार्नेलियनचे मणी निघाले. काळ ढोबळमानाने इ.स.पू. आठव्या ते चौथ्या शतकांमधला. ही ठिकाणे आजच्या नागपूर जिल्ह्यात असली तरी तेव्हा जिल्ह्याची वेस नव्हती. भंडारा जिल्ह्यातही पवनीजवळच्या पिंपळगावला आणि तिलोता खैरीला याच परंपरेचे दगड उभे आहेत. आता हिशेब मांडा. लोखंड गाळायला कच्चे खनिज खणणारे, कोळसा पाडणारे आणि भट्टी फुंकणारे हात लागतात. घोडा पाळायला, आणि त्याहून जास्त म्हणजे तो मेलेल्या धन्याबरोबर पुरून टाकायला, अंगावर चरबी असलेला समाज लागतो. मण्यांचा व्यापार करायला रस्ते लागतात. मगधाचा कोणी अधिकारी वैनगंगा ओलांडण्याच्या कितीतरी आधी या खोऱ्यात शिल्लक धान्य होते, कारागीर होते आणि मोठे दगड हलवण्याची सामुदायिक सवय होती.

पवनी या सवयीच्या पुढच्या अंकात येते. गाव वैनगंगेच्या उजव्या काठावर आहे. एका बाजूला नदी आणि उरलेल्या तीन बाजूंनी मातीची उंच तटबंदी व खंदक, ही रचना आजही नजरेत भरते. विदर्भाची काशी म्हणून आणि घाटांसाठी व देवळांसाठी लोक या गावाला ओळखतात. गावालगत जगन्नाथ टेकडी, चांडकापूरची टेकडी, हरदोलाला टेकडी अशी उंचवट्याची ठिकाणे आहेत, आणि त्यांच्या पोटात स्तूप निघाले. देव आणि जगत्पती जोशी यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाने पवनीला अभ्यासकांच्या नकाशावर बसवले. स्तूप एका दमात बांधलेला नव्हता. लहानाचा मोठा होत गेला. भोवती दगडी कठडा होता, त्याचे खांब, आडव्या सूची आणि वरच्या उष्णीषाच्या शिळा मिळाल्या. त्यांतल्या एका शिल्पात पाच फण्यांचा नाग एका रिकाम्या आसनावर छत्र धरून आहे आणि ब्राह्मी अक्षरांत त्याचे नाव कोरले आहे: मुचलिंद. ज्ञानप्राप्तीनंतर पावसात बसलेल्या बुद्धावर फणा धरणारा तो हा नागराज. आसन रिकामे, कारण त्या काळी बुद्धाची मूर्ती कोरण्याची रीत नव्हती. सांचीला आणि भारहुतला दिसते तीच शिल्पभाषा वैनगंगेकाठी इतक्या सफाईने बोलली जात होती.

माझ्या मते पवनीचा सर्वांत वजनदार पुरावा व्यासाच्या आकड्यात नाही, कठड्यावरच्या छोट्या छोट्या दानलेखांत आहे. स्तूप राजाने बांधला असता तर एकच मोठा लेख असता. इथे एकेका दगडाचे दान एकेकाने केले आहे, आणि त्यात स्त्रियांची नावे ठसठशीत दिसतात. विसमिता नावाच्या एका उपासिकेने आपले दान सर्व प्राण्यांच्या सुखासाठी असल्याचे कोरून घेतले आहे. सगळ्या जिवांच्या भल्यासाठी दान अर्पण करण्याची ही भाषा इतक्या लवकर आढळल्यामुळे भारतीय बौद्ध धर्माच्या अभ्यासकांना पवनीचा हा लेख फार महत्त्वाचा वाटतो. महायानाशी नेहमी जोडली जाणारी ही कल्पना त्याच्या पुष्कळ आधी एका गृहस्थ बाईच्या दगडावर आहे. विसमितेने पैसा कशातून उभा केला हे दगड सांगत नाही. पण एक शिळा घडवून, कोरून, वाहून, बसवून घेण्याइतकी तिची ऐपत होती आणि तिच्यासारखे अनेक होते, एवढे तो निश्चित सांगतो. नुसत्या मगधी खजिन्यावर उभे असते तर पवनीच्या कठड्याला या नावांची गरज पडली नसती.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, स्तूपाचे रूप गंगेच्या खोऱ्यातले, आहत नाणी उत्तरेसारखीच. मग स्थानिक उरले काय? आक्षेपातले प्रत्येक विधान खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण उसने आणणे आणि कोणाच्या पोटी जन्मणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छपाईचे यंत्र युरोपातून आले म्हणून मराठी वृत्तपत्रे युरोपची लेकरे ठरत नाहीत. ज्याच्यापाशी काही शिल्लक असते तोच नवे काही घेऊ शकतो. कुही तालुक्यातले आदम हे गाव पवनीपासून दूर नाही. तिथे १९८८ पासून अमरेंद्र नाथ यांनी केलेल्या उत्खननात पाषाणयुगापासून सातवाहन काळापर्यंतचे थर एकावर एक मिळाले आणि 'अस्सक जनपदाची' अशा अर्थाचा मातीचा ठसाही मिळाला. अश्मक जनपद आपण एरवी गोदावरीच्या काठी शोधतो. त्याचा ठसा वैनगंगेच्या खोऱ्यात सापडावा याचा अर्थ असा, की हा भाग स्वतःची राजकीय ओळख सांगणाऱ्या जनपदांच्या व्यवहारात होता; कोणीतरी येऊन जागे करण्याची वाट पाहत पडलेले ते रान नव्हते.

दुसरा आक्षेप काळाचा आहे. पवनीच्या स्तूपाचा पहिला टप्पा मौर्यांच्या आधीचा असावा, असे उत्खनकांचे मत होते. ते सर्वांनी स्वीकारलेले नाही. खापरांवरून आणि अक्षरांच्या वळणावरून ठरवलेला काळ पन्नास-शंभर वर्षे इकडेतिकडे सरकू शकतो. इथे मी खुशाल माघार घ्यायला तयार आहे. पहिला टप्पा अशोकाच्या काळचा धरा, हवे तर त्यानंतरचा धरा. माझा युक्तिवाद त्या पन्नास वर्षांवर उभा नाही. शिळावर्तुळे, भट्टी आणि घोडे त्याच्या आधीचे आहेत हे कोणी नाकारत नाही, आणि मला तेवढे पुरते. उलट, ज्यांचा सगळा अभिमान 'अशोकाच्याही आधी' या दोन शब्दांवर तोललेला आहे, त्यांनी जरा सावध राहावे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत कठीण वाटतो. शिळावर्तुळे रचणारे आणि स्तूप बांधणारे हे एकाच समाजाच्या पिढ्या कशावरून? इथे एक मोह होतो. शिळावर्तुळ म्हणजे अस्थींवरचा ढीग आणि भोवती दगडांचे कडे. स्तूपही मुळात अस्थींवरचा ढीग आणि भोवती दगडांचा कठडा. दोन्हींची आकृती शेजारी ठेवली की मन लगेच म्हणते, हे तेच. पण थांबा. नाक आणि ओठ पाहून आफ्रिका गाठणाऱ्या मेलगारने, खळगे पाहून युरोप गाठणाऱ्या कार्नाकने हेच केले होते. आकार सारखा म्हणून नाते सिद्ध होत नाही. ढीग घालून गोल कडे करणे ही पृथ्वीच्या पाठीवर अनेकांना सुचलेली गोष्ट आहे. ज्या चुकीबद्दल दुसऱ्यांना हसायचे ती आपल्या सोयीची झाली की जवळ करायची, हे न्यायाचे नाही. काळ्या-तांबड्या रंगाची खापरे थडग्यांतही मिळतात आणि जुन्या नगरांच्या तळच्या थरांतही, हा दुवा थोडा अधिक भक्कम आहे. पण तशी खापरे भारतभर मिळतात, त्यामुळे एकट्या खापराच्या जिवावर वंशावळ मांडता येत नाही. खरा आधार देतात ती आदमसारखी स्थळे, जिथे त्याच जागी पिढ्यानपिढ्या माणसे राहत गेली. तेव्हा मी एवढेच म्हणेन: वस्ती तुटली नाही, धातूचे कसब तुटले नाही, दगडासाठी एकत्र येण्याची रीत तुटली नाही. रक्त तेच होते की नाही, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी सोडून द्यावा. विदर्भातल्या नागांबद्दल आणि मूळ रहिवाशांबद्दल आज जी ठाम विधाने सभांमधून होतात, त्यांना मुचलिंदाचा दगड पुरावा म्हणून पुढे करू नये. तो एका बुद्धकथेचे चित्र आहे.

शिवाय पवनी नंतरही बाहेरच्यांना आत घेतच राहिली. महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा स्मृतिस्तंभ इथे मिळाला. काळ इसवी सनाचे दुसरे शतक, नाव कानाला परके आणि पदवी पश्चिमेच्या शक राज्यकर्त्यांची. भगदत्त नावाच्या भारवंशी राजाचा शिलालेखही इथलाच, वा. वि. मिराशी यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीला बेनाकटकाचा स्वामी म्हटले आहे. बेना म्हणजे वैनगंगा धरून मिराशींनी ते स्थान या भागाशी जोडले, काहींना ते पटत नाही. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपटही पवनीत सापडला. शक, भार, सातवाहन, वाकाटक अशी ही रांग पाहिली की एका आईचा शोध किती अपुरा आहे ते कळते. वैनगंगा स्वतः मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते, पण भंडाऱ्यापाशी जे पात्र दिसते त्यात बावनथडीचेही पाणी असते आणि आणखी कितीतरी ओढ्यांचे. त्या पाण्याला सिवनीचे म्हणणे भूगोलाला धरून आहे. इथल्या भाताला त्याने काही कळत नाही.

पवनीची अडचण आता वेगळीच आहे. जुने नगर उघड्या माळावर नसून जित्याजागत्या गावाखाली आहे. सान लोरेन्सोच्या पठारावर मोजमापाचे खड्डे आखता येतात, पवनीत तिथे कोणाचे तरी स्वयंपाकघर असते. तटबंदीची माती भरावाला चांगली असते आणि जुन्या विटा पायाला. म्हणजे नगर कोणी पोसले याचा उरलेला पुरावा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात नाही, तो पवनीकरांच्या परसात, विहिरीच्या खड्ड्यात आणि घराच्या पायात आहे. पाया खोदताना हातभर लांबीची वीट, काळे-तांबडे खापर, मणी किंवा अक्षरे असलेला दगड लागला तर तो उचलून धुऊन ओट्यावर ठेवण्याआधी किती खोल, कशाच्या खाली आणि कशाशेजारी होता याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि नागपूरला पुरातत्त्व विभागाला कळवावे. जागेवरून हललेली वस्तू अर्धी मुकी होते. नाणी किंवा दागिने निघाले तर कळवणे ऐच्छिकही नाही. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे आणि जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे त्याने बंधनकारक केले आहे.